पाहुण्यांना गिरगाव दाखवायचंय? नेहमी येणारे प्रश्न

गिरगावात राहणारे, गिरगाव सोडून डोंबिवली-बोरिवलीला गेलेले आणि माहेर किंवा आजोळ गिरगावचं असलेले लोक एकाच कामासाठी फोन करतात: रविवारी पाहुणे येतायत, काय दाखवू? तीच ती उत्तरं दर वेळी तोंडी देण्यापेक्षा एकदाची लिहून काढली. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे असेल तिथे त्याचा आकडा दिला आहे.

१. पाहुण्यांना गेटवे आणि मरीन ड्राइव्ह बघायचंय. गिरगावात बघण्यासारखं असं आहे तरी काय?

तिकीट काढून बघायचं फारसं काही नाही. गिरगाव हे मुंबईच्या पोटातलं गाव आहे. वाड्या, चाळी, देवळं, एक चर्च, एक नाट्यगृह, दोन-चार खानावळी आणि शेवटी समुद्र, हे सगळं पायी फिरता येण्याजोग्या अंतरात. गेटवे कोणीही दाखवील, त्यासाठी तुमची गरज नाही. मुगभाट गल्लीतून काळाराम-गोराराम ही देवळं कुठे असं विचारत फिरण्यापेक्षा गल्लीचा माणूस सोबत असला की गल्ली कळते, आणि तो माणूस तुम्ही आहात. पाहुण्यांचा हट्टच असेल तर सकाळी गेटवे उरका आणि दुपारी चारनंतर त्यांना इकडे आणा.

२. कुठून सुरुवात करू आणि कुठे संपवू?

ठाकूरद्वार नाक्यावरून सुरुवात करा आणि चौपाटीवर संपवा, उलटं नको. चौपाटीवर बसलेला पाहुणा पुन्हा उठून गल्लीत यायला तयार होत नाही.

मधला रस्ता सरळ आहे. ठाकूरद्वारहून जगन्नाथ शंकरशेट मार्गाने, म्हणजे आपल्या गिरगाव रोडने, उत्तरेकडे चालायचं. झावबाच्या वाडीतलं राममंदिर, मग खाडिलकर रोडवरची केशवजी नाईक चाळ, पुढे खोताची वाडी आणि सेंट तेरेसा चर्च, मग प्रार्थना समाज, तिथून ऑपेरा हाऊस आणि शेवटी चौपाटी. रमतगमत अडीच-तीन तास. वाटेत कोणी ओळखीचं भेटणारच, तेव्हा आणखी अर्धा तास धरा.

एकच विनंती: सगळं दाखवायला जाऊ नका. फणसवाडीतलं व्यंकटेशाचं देऊळही दाखवतो, मौज प्रकाशनाची खटाववाडीतली जागाही दाखवतो, साहित्य संघही दाखवतो, असं करत गेलं की पाहुणा तिसऱ्या वाडीनंतर नुसता "हो का, हो का" करू लागतो. पाहुण्याचा कल बघून चार ठिकाणं निवडा. नाटकवाला असेल तर १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचं केळेवाडीतलं नाट्यगृह आणि ऑपेरा हाऊस, देवभोळा असेल तर देवळं.

३. कोणता दिवस आणि कोणती वेळ बरी?

रविवारची सकाळ सगळ्यांना सुचते. दुकानं बंद आणि रस्ता मोकळा असला तरी गिरगावही झोपलेलं असतं. माझं मत शनिवारी दुपारी चारचं. ऊन उतरलेलं असतं, गॅलरीत माणसं येऊन उभी राहिलेली असतात, खाली पोरं क्रिकेट खेळत असतात, आणि सूर्यास्ताला तुम्ही बरोबर चौपाटीवर पोचता. चाळ बघायची असेल तर सकाळची पाण्याची वेळ कटाक्षाने टाळा. गॅलरीत ड्रम भरणाऱ्या बाईला पाहुण्यांकडे बघून हसायला सवड नसते.

४. त्यांना कोणत्या स्टेशनवर उतरायला सांगू? गाडी घेऊन आले तर?

पश्चिम रेल्वेने येत असतील तर चर्नी रोड. बहुतेक फास्ट गाड्या तिथे थांबत नाहीत, म्हणून मुंबई सेंट्रलला स्लो पकडायला आधीच बजावून ठेवा, नाहीतर पाहुणे चर्चगेटहून फोन करतात. ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रोचं गिरगाव स्थानकही सुरू झालं आहे. आरे, अंधेरी, दादरकडून येणाऱ्यांना तेच सोयीचं.

गाडी आणू नका असं स्पष्ट सांगा. पार्किंग शोधण्यात तास जातो आणि फिरण्याची मजा गाडीवाल्याच्या चेहऱ्यावरच संपते.

५. खोताच्या वाडीत असंच शिरलं तर चालतं का? फोटो काढू द्यायचे का?

वाडीतली वाट रहदारीची आहे, चालत जायला कोणी अडवत नाही. पण घरं खासगी आहेत. बाहेरून वर जाणारा लाकडी जिना, कठड्याचा व्हरांडा, कौलं, दारापुढचं बाकडं, हे सगळं वाटेवरूनच दिसतं. दिसतं म्हणून त्या बाकड्यावर बसून फोटो काढायचा नसतो, ते कोणाच्या तरी ओसरीचा भाग असतं. लग्नाआधीचं फोटोशूट करणाऱ्यांनी इथल्या लोकांना इतका ताप दिलाय की हातात मोठा कॅमेरा दिसला की भुवया वर जातात. मोबाइल खिशात ठेवून आधी एक फेरी मारा. कोणी दारात असेल तर नमस्कार करून विचारा. विचारल्यावर नाही म्हणणारे कमी आणि घराची गोष्ट सांगत बसणारेच जास्त.

पाहुण्यांना एवढं सांगा: ही जमीन खोत कुटुंबाची, तिच्यावर घरं बांधून राहिले ते मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिस्ती, म्हणजे इथलेच मूळ रहिवासी, घरात मराठी बोलणारे. "गोव्याचे का?" असं पाहुणा हमखास विचारतो आणि तेही वाडीतल्या काकूंच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने. तेव्हा हे वाडीत शिरायच्या आधीच सांगून टाका. एके काळी पासष्टच्या आसपास घरं होती, आता निम्मीही उरलेली नाहीत. डिसेंबरात आलात तर घराघरावर चांदण्या लागलेल्या असतात, तेव्हाची वाडी सगळ्यात देखणी. आत आयडियलचे वेफर मिळतात. पाहुणे घरी नेतात आणि वर्षभर नाव काढतात.

६. चाळ आतून दाखवता येते का?

ओळख असेल तर येते, नसेल तर नाही. चाळीची गॅलरी म्हणजे सार्वजनिक रस्ता नव्हे. तिथे लोकांचं निम्मं घर मांडलेलं असतं: चपलांचं कपाट, तुळस, वाळत घातलेले कपडे, एखादे आजोबा खुर्चीत पेपर वाचत. परक्या पाच माणसांची रांग तिथून गेली की प्रत्येक दारातला पडदा ओढला जातो.

ओळखीचं घर असेल तर एक दिवस आधी फोन करा, दोघांतिघांहून जास्त माणसं नेऊ नका आणि रिकाम्या हाती जाऊ नका. घरात शिरल्यावर मोरी, पोटमाळा आणि खिडकीचा दगडी कठडा पाहुण्यांना आपसूक दिसतात. "इतक्या जागेत सात जण कसे हो राहायचे?" हा प्रश्न पाहुण्याने विचारलाच तर त्याचं उत्तर घरातल्या आजींना देऊ द्या. त्या म्हणतील, पुरुष गॅलरीत झोपायचे. मग लग्नं, बारशी, बाळंतपणं कुठे व्हायची याच्या गोष्टी निघतात आणि चहा येतो. गॅलरीच्या टोकाचं संडास दाखवायची हौस मात्र करू नका, घरच्यांना ओशाळल्यासारखं होतं.

७. केशवजी नाईक चाळीत काय सांगायचं? पुण्याचे पाहुणे म्हणतात, पहिला गणपती आमचा.

मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव इथे १८९३ साली सुरू झाला आणि १९०१ साली टिळक इथे येऊन गेले. मूर्ती आजही लहानच असते आणि विसर्जनाला पालखीतून जाते. चौपाटीवरचे वीस-वीस फुटी गणपती बघून आलेल्या माणसाला ही पालखी बघितल्यावर उत्सव मुळात कसा होता याचा अंदाज येतो. एरवी आलात तर चाळ ही चाळच आहे, मखर-बिखर काही मांडून ठेवलेलं नसतं.

पुण्याच्या पाहुण्यांशी वाद घालू नका. भाऊसाहेब रंगारींचं मंडळ १८९२चा दाखला देतं, कोणी टिळकांचा १८९३चा देतं, आणि पुणेकर त्यावर आपसात भांडायला समर्थ आहेत. आपण "मुंबईतला पहिला" म्हणायचं आणि पुढे चालू लागायचं.

८. सिनेमाचं म्हणाल तर मॅजेस्टिक पाडलं, कोरोनेशन कधीचंच गेलं. जे नाहीच ते दाखवायचं कसं?

उभं राहून सांगायचं, आणि थोडक्यात. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट मॅजेस्टिकमध्ये लागला. म्हणजे आपला सिनेमा चालू लागला तोही गिरगावात आणि बोलू लागला तोही इथेच. मॅजेस्टिकच्या जागी आता शॉपिंग सेंटर आहे, तिथे एक मिनिट थांबा. मराठी सिनेमाची आवड असलेला पाहुणा आपणच चार प्रश्न विचारील. ज्याला आवड नाही त्याला शॉपिंग सेंटरपुढे उभं करून व्याख्यान देऊ नये.

डोळ्यांनी बघायला काही हवं असेल तर ऑपेरा हाऊस आहे. पंचम जॉर्ज यांच्या हस्ते १९११ साली उद्घाटन झालं, १९९३ साली बंद पडलं, डागडुजी होऊन २०१६ साली पुन्हा उघडलं. आतली सोनेरी सजावट बघायची तर कार्यक्रमाचं तिकीट काढावं लागतं. नुसतं डोकावू द्या म्हणून दारवानाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

९. खायला कुठे न्यायचं?

फणसवाडीच्या कोपऱ्यावर विनय हेल्थ होममध्ये मिसळ, पणशीकरांकडे साबुदाणा वडा आणि पियुष. एवढ्यावर कोणाचंही भागतं. अनंताश्रम खानावळीची आठवण काढून उगाच हळहळू नका, ती बंद होऊन बरीच वर्षं झाली. पाहुण्याला न मिळणाऱ्या सुरमईचं वर्णन ऐकवणं हा छळ आहे. इराणी बघायचाच असेल तर धोबीतलावला कयानी, पण तो रस्ता उलट्या दिशेचा. चौपाटीवरची भेळ शेवटी ठेवा आणि त्यासाठी पोटात जागा राखायला सांगा.

एक व्यवहाराची गोष्ट: बिल कोण देणार यावरून गल्ल्यावर ओढाताण होते, मागे गिऱ्हाईकं तिष्ठत असतात. यजमानाने आधीच पैसे देऊन ठेवावेत.

१०. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना जमेल का?

पूर्ण फेरी जमणार नाही, अर्धी जमेल. टॅक्सीने थेट खोताच्या वाडीच्या तोंडाशी उतरवा, वाडीतून हळूहळू एक फेरी, मग टॅक्सीने चौपाटी. चाळीचे लाकडी जिने उभे असतात आणि पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या असतात. धरायला दोर असला तरी गुडघेदुखीच्या माणसाला वर नेऊ नका, उतरताना पंचाईत होते. त्यांच्या भेटीसाठी वरच्या माणसाला खाली बोलवावं, येतात लोक.

११. विचारायला संकोच वाटतो, पण वाटेत बायकांच्या स्वच्छतागृहाची सोय?

संकोच कसला, आधी ठरवायची गोष्टच ही आहे. निघण्यापूर्वी घरी, मध्ये जिथे खाल तिथे, आणि शेवटी चौपाटीवर सार्वजनिक सोय आहे. म्हणूनच खाण्याचा थांबा फेरीच्या मध्यावर ठेवायचा. चाळीत ओळखीचं घर असेल (प्रश्न ६) तर तिथे विचारायला हरकत नाही.

१२. मुलं कंटाळतील का?

इतिहास सांगत बसलात तर नक्की. त्यांना वाड्यांच्या पाट्या मोजायला लावा: आंबेवाडी, केळेवाडी, फणसवाडी, कांदेवाडी, गायवाडी, भटवाडी. कोण जास्त शोधतं त्याला चौपाटीवर बर्फाचा गोळा.

१३. गणपतीत किंवा पाडव्याला आणू का?

पाडव्याला जरूर आणा. सकाळी फडके गणपती मंदिराकडून शोभायात्रा निघते, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली, ढोल-ताशे, लेझीम, सगळं गिरगाव रस्त्यावर असतं. पण त्या दिवशी वाड्या दाखवायचा बेत करू नका, गर्दीत पाहुणे हरवतात. यात्रा बघायची आणि कोणाच्या तरी घरी जेवून परतायचं.

गणपतीत पहिल्या पाच-सात दिवसांत संध्याकाळी आणा. अनंत चतुर्दशीला मात्र नको. रस्ते बंद, स्टेशनवर रेटारेटी, आणि पाहुण्यांना परत पाठवायची जबाबदारी तुमच्यावर. ज्यांना विसर्जन बघायचंच आहे त्यांनी रात्रभर थांबायच्या तयारीने यावं, आणि लहान मुलं घरी ठेवून.

१४. पावसाळ्यात?

जुलैत टाळा. वाड्यांतल्या फरश्या निसरड्या होतात आणि जुन्या इमारतींखाली उभं राहणं शहाणपणाचं नाही. गच्चीखाली टेकू लावलेले दिसले की त्या बाजूने चालूच नका, मग ऋतू कोणताही असो.

१५. पाहुणे विचारतात, एवढ्या मोक्याच्या जागी तीन आकडी भाडं कसं? काय सांगू?

पागडी. भाडेकरू सुरुवातीला मालकाला मोठी रक्कम देतो आणि नंतर नाममात्र भाडं भरतो. खोली दुसऱ्याला द्यायची झाली तर त्या रकमेत मालकाचाही वाटा असतो. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, १९९९च्या कायद्याने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली. भाडं तुटपुंजं म्हणून मालक डागडुजी करीना, म्हणून १९६९ साली सरकारने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढलं. गिरगावातल्या बऱ्याच इमारती १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या, म्हणजे 'अ' वर्गातल्या उपकरप्राप्त. पुनर्विकासात अशा इमारतीतल्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. एकशेवीस फुटांच्या खोलीत जन्म काढलेल्याला तो आकडा मोठा वाटतो आणि त्यासाठी पंधरा-वीस वर्षं भाड्याच्या घरात थांबावं लागलं तर तोच आकडा टोचतो, हेही सांगा. "मग तुम्हाला फुकटातच पडलं की" असं म्हणणारा पाहुणा असतोच. त्याला जिने चढवावेत.

१६. "गिरगावातला मराठी माणूस गेला कुठे?" असं कोणी विचारलं की वातावरण बिघडतं.

बिघडू देऊ नका. घर वाढलं, खोली वाढली नाही, म्हणून धाकटे भाऊ उपनगरांत गेले. काहींनी पागडी विकून मोठं घर घेतलं, काहींच्या इमारती पडल्या, मेट्रोच्या कामातही काही इमारती गेल्या. कोणी हाकललं, कोणी आपखुशीने गेलं, दोन्ही खरं आहे. याच चौपाटीवर २० नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राला विरोध करणाऱ्या मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली होती. पाहुण्याला या विषयात रस असेल तर तिथून सुरुवात करा, संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट चौपाटीवर बसून सांगायला बरी.

१७. आमची वाडीच पडली, तिथे टॉवर झालाय. जाऊन दाखवू तरी काय?

टॉवर दाखवा. "इथे आमचा जिना होता, इथे नळ, इथे होळी पेटायची", असं बोट दाखवून सांगता येतं तोवर सांगा. वॉचमन विचारतो कुणाकडे जायचंय, तेव्हा खरं सांगितलं तर बहुतेक वेळा तो गेटाच्या आत दोन पावलं येऊ देतो. आपलं घर पडलं म्हणून लोक गिरगावच टाळतात, ते मला पटत नाही. शेजारची वाडी अजून उभी असते, देऊळ जागेवर असतं आणि पूजा सांगणारे गुरुजी तुम्हाला नावाने ओळखतात.

१८. मणिभवन आणि ऑगस्ट क्रांती मैदान याच फेरीत जोडू का?

नको, ती वेगळी सकाळ करा. गामदेवीला लॅबर्नम रोडवरच्या मणिभवनात १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम असे. ऑगस्ट क्रांती मैदानावर, म्हणजे गोवालिया टँकवर, ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत'ची हाक दिली गेली. मैदानाला लागूनच गोकुळदास तेजपाल संस्था आहे. तिथे १८८५ साली काँग्रेसची स्थापना झाली, आणि हे तिथून रोज जाणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. जाता-येता नाना चौकात नाना शंकरशेटांचं भवानीशंकर मंदिर बघा.

१९. पाहुणा परदेशी आहे, किंवा मराठी येत नाही. काही वेगळं करायचं?

तारखा कमी करा आणि माणसं वाढवा. चौपाटीवर लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापुढे "१ ऑगस्ट १९२०, सरदारगृहात निधन, इथे अंत्यसंस्कार, समुद्रकिनाऱ्यावर लाखोंची गर्दी" एवढं पुरतं. त्यापेक्षा त्याला वाण्याच्या दुकानात चार पुड्या बांधताना बघू द्या, फुलवाल्या मावशीकडून गजरा घेऊ द्या. प्रार्थना समाज हे बसथांब्याचं नाव नसून १८६७ साली सुरू झालेल्या सुधारक मंडळींची संस्था आहे, तिचं मंदिर तिथेच आहे, हे त्याला सांगाच. गिरगावकरांतही निम्म्यांना ते बसथांबाच वाटतं.

२०. ओळखीपाळखीतून अनोळखी लोकही पाठवले जातात. पैसे घ्यावेत का?

नातेवाईक आणि त्यांचे पाहुणे यांच्याकडून नाही. अनोळखी गटाकडून घ्यायला हरकत नाही, आधी सांगून घ्या. पण पैसे घेतलेत तर लोकांच्या दारात नेण्याचा हक्क विकू नका. प्रश्न ५ आणि ६ मधलं सगळं तेव्हा दुप्पट लागू होतं.

२१. पाहुण्याला आजोबांची खोली शोधायची आहे आणि पत्ता अर्धवट आहे. काही उपाय?

हा प्रश्न अमेरिकेहून आणि इंदूरहून सारखाच येतो, आणि निम्म्या वेळा खोली सापडते. जुन्या पत्रावर किंवा लग्नपत्रिकेवर शहरानंतरचा आकडा बघा. मुंबई २ असेल तर ठाकूरद्वार-चिराबाजार-काळबादेवीची बाजू, ४ असेल तर गिरगाव, ७ असेल तर ग्रँट रोड-गामदेवी. वाडीचं नाव नसेल तर शाळेचा दाखला शोधा, मुलं बहुधा जवळच्या शाळेत जात. भाडेपावती हाती लागली तर सोनंच: तिच्यावर इमारतीचा क्रमांक आणि मालकाचं नाव असतं.

वाडी कळली की इमारतीत शिरायच्या आधी तळमजल्यावरच्या सगळ्यात जुन्या दुकानात विचारा, वाणी किंवा पीठगिरणी. आडनाव सांगू नका, आडनावाचे चार निघतात. "पोस्टात होते, पेटी वाजवायचे, दुसऱ्या मजल्यावर जिन्याशेजारी" असं सांगा. खोलीत आता दुसरं कुटुंब असतं. आधी तुम्ही एकटे वर जा, कशासाठी आलात ते सांगा आणि त्यांनी या म्हटल्यावरच पाहुण्याला हाक मारा. आत गेल्यावर त्यांना खोलीत दोन मिनिटं मोकळं उभं राहू द्या. माहिती सांगू नका, ती वेळ तुमच्या बोलण्याची नसते.